वस्तीतल्या दवाखान्यात मदतीला येताय? पुण्यातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

पुण्यातले धर्मादाय संस्थांचे वस्ती दवाखाने तऱ्हेतऱ्हेचे आहेत. कुणाची स्वतःची खोली आहे, कुणी आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिरात टेबल-खुर्ची मांडतं, कुणाची फिरती गाडी ठरलेल्या वारी येऊन उभी राहते. ताडीवाला रस्त्यावर दीपगृह सोसायटीचं काम १९७५ मध्ये अशाच एका छोट्या दवाखान्यातून सुरू झालं. या सगळ्या ठिकाणी डॉक्टर दोन-तीन तासांसाठी येतात. बाकीचं काम कार्यकर्ते ओढतात: कॉलेजची मुलं, निवृत्त शिक्षिका, बँकेतून बाहेर पडलेले काका. डॉक्टर किंवा नर्स नसलेल्या, पण मनापासून मदत करू इच्छिणाऱ्या या मंडळींसाठी हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. गोळ्या देणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. इथून पाठवलेला माणूस पुढच्या ठिकाणी पोचला का, तिथे त्याचं काम झालं का आणि तो पुन्हा आपल्याकडे आला का, हे बघणं अवघड आहे आणि तेच तुमच्या वाट्याला येणार आहे.

पायरी १ : आधी वस्ती पायाखालून घाला

दवाखान्यात बसण्याआधी दोन-तीन वेळा वस्तीत हिंडून या. जनता वसाहतीचा चढ, कासेवाडीचे बोळ आणि रामटेकडीची उतरण यांत फार फरक आहे. गुडघे दुखणारी आजी चढ उतरून तुमच्याकडे येऊ शकते का, हे नकाशावर कळत नाही. नळाला पाणी किती वाजता येतं, पिंपं कुठे भरून ठेवतात, सार्वजनिक शौचालय किती लांब आहे, अंगणवाडी कुठल्या गल्लीत भरते, महापालिकेचा जवळचा दवाखाना कुठे आहे, हे सगळं बघून ठेवा.

मग वेळेचा विचार करा. धुण्या-भांड्याची कामं करणाऱ्या बायका सकाळी सात-आठला बाहेर पडतात आणि दुपारी परततात. कचरावेचक मावशी त्याहून लवकर निघतात. मजूर अड्ड्यावर उभा राहणारा माणूस काम मिळालं तर रात्रीच घरी येतो. सकाळी दहा ते बारा दवाखाना उघडा ठेवलात तर म्हातारी माणसं आणि लहान पोरंच भेटतील. ज्या बाईचं रक्त कमी आहे ती त्या वेळी कोथरूडला चौथ्या घरची भांडी घासत असेल. दुपारी तीननंतर किंवा संध्याकाळी सातनंतरची वेळ धरा. संस्थेची वेळ आधीच ठरलेली असेल तर बदलायचा आग्रह धरा.

आशाताई आणि अंगणवाडीताई यांना जाऊन भेटा. कोण गरोदर आहे, कुणाचं बाळ वजनात मागे आहे, कुठल्या घरात खोकला आहे, हे त्यांना माहीत असतं. त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही, त्यांच्या कामाला हातभार लावायचा. कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरला नावं ठेवण्यातही अर्थ नाही. तो इंजेक्शन जास्त टोचतो हे खरं असेलही, पण रात्री दहाला पोराला ताप भरला तर दार तोच उघडतो. लोकांचा त्याच्यावर विश्वास का बसला, ते समजून घ्या.

पायरी २ : नोंदणीचं टेबल

तुमचं पहिलं काम बहुधा हेच असेल, आणि ते हलकं समजू नका. नाव, वय, काम, किती दिवसांपासून त्रास आहे, हे तर लिहायचंच. पत्ता मात्र वस्तीच्या पद्धतीने लिहा: ‘बुद्धविहारामागे, पिठाच्या गिरणीशेजारी, निळं दार’. घर क्रमांक लिहून नंतर कुणी सापडत नाही. मोबाइल नंबर घेताना तो कुणाचा आहे तेही लिहा. फोन नवऱ्याचा असेल आणि बाईला पाळीची तक्रार असेल, तर त्या नंबरवर काय बोलायचं आणि काय नाही, हे तिलाच विचारून नोंदवा.

हाक मारताना आजी, मावशी, ताई, दादा, काका, आणि बोलताना अहो-जाहो. वयाने लहान असलेल्या बाईलाही पहिल्या भेटीत ‘तुम्ही’च म्हणा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या आजाराचं नाव मोठ्याने कधीही घेऊ नका. पत्र्याच्या भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. ‘टीबीच्या गोळ्यांसाठी आलेल्या काकू’ असा एकदा पुकारा झाला की त्या काकू पुन्हा येत नाहीत, आणि एखाद्या घरातून त्यांचं कामही सुटतं. एचआयव्हीबद्दल तर कायद्यानेच गुप्तता बंधनकारक आहे.

बायका तक्रार आडून सांगतात. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून आलेल्या ताईला खरं तर अंगावरून जात असतं. टेबलापाशी खोदून विचारू नका. ‘डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय का?’ एवढंच विचारा आणि पडद्याआड जागा करून द्या.

आणखी एक सवय लावा: ‘घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन या’ असं प्रत्येकाला सांगा. आजी कॅरीबॅग घेऊन येतात. ती टेबलावर ओता. ससून रुग्णालयाची एक पट्टी, खासगी डॉक्टरची दुसरी, मुलाने मेडिकलमधून आणलेली तिसरी. पट्टीमागची बारीक अक्षरं वाचलीत तर अनेकदा दोन वेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांत अम्लोडिपिन हेच बीपीचं औषध निघतं आणि आजी दोन्ही रोज घेत असतात, म्हणून चक्कर. सगळ्या पट्ट्यांची नावं केसपेपरवर उतरवून डॉक्टरांपुढे ठेवा. डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो.

बीपी मोजायला शिकवतील तेव्हा नीट शिका. माणसाला आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसवा. दंड उघडा हवा, ब्लाऊजच्या बाहीवरून पट्टा बांधायचा नाही, हात छातीच्या उंचीला टेकलेला हवा आणि मोजताना गप्पा नकोत. चढ चढून आलेल्या माणसाचं लगेच मोजलेलं बीपी खरं नसतं. आकडा १४०/९० च्या वर आला तर लगेच ‘तुम्हाला बीपी आहे’ म्हणू नका; ते डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून ठरवतील. १८०/१२० च्या आसपास असेल तर मात्र रांग सोडून त्यांना आत न्या.

पायरी ३ : जे तुम्ही करायचं नाही

गोळी बदलायची नाही, वाढवायची नाही, ‘हीच दुसऱ्या रंगाची आहे’ म्हणून द्यायची नाही. औषध द्यायचं ते डॉक्टरांनी किंवा नोंदणीकृत फार्मासिस्टने. सलाईन लावा, ताकदीची सुई द्या, असा आग्रह होईल; तो गोड बोलून डॉक्टरांकडे वळवा.

लोक घरातली उरलेली औषधं दान करायला आणतात. भावना चांगली असते, पण कापलेल्या पट्ट्या, ज्यांवर नाव किंवा मुदत दिसत नाही, त्या घेऊ नका. गरिबाला मुदत संपलेलं औषध देणं हा अपमान आहे आणि धोकाही.

फोटोबद्दल माझं मत ठाम आहे. देणगीदारांना दाखवायला म्हणून तपासणीच्या खुर्चीतल्या माणसाचा फोटो काढू नये. उपचार हवा असताना समोरचा ‘नाही’ म्हणू शकत नाही, त्यामुळे त्याने दिलेल्या परवानगीला अर्थ उरत नाही. रिकाम्या खोलीचा, औषधांच्या कपाटाचा फोटो काढा.

पायरी ४ : पाकिटावर सूर्य आणि चंद्र

डॉक्टर किंवा फार्मासिस्टने काढून दिलेल्या गोळ्यांच्या कागदी पाकिटावर सूर्य किंवा चंद्र काढा, आणि शेजारी गोळी अर्धी की पूर्ण ते चित्राने दाखवा. मग समोरच्यालाच विचारा, ‘घरी गेल्यावर कशी घ्याल, सांगा बरं मला.’ ‘कळलं ना?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. जेवणाआधी-नंतर सांगताना त्या घरात जेवण किती वाजता होतं तेही विचारा. सकाळी चहा-खारीवर निघणाऱ्या बाईचं पहिलं जेवण दुपारी तीनला असतं. ‘नाश्त्यानंतर’ घ्यायला सांगितलेली मधुमेहाची गोळी ती उपाशीपोटी घेते आणि दुसऱ्याच्या घरात भोवळ येऊन पडते.

पायरी ५ : कुणाला थांबवून ठेवायचं नाही

निदान तुम्ही करणार नाही. पण रांगेतून कुणाला पुढे काढायचं हे ओळखता यायला हवं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तो क्षयाचा नाही हे तपासूनच सिद्ध व्हायला हवं. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यांतलं काही असेल तर अधिकच. वस्तीत खोकला अंगावर काढतात, कारण धूर, धूळ आणि तंबाखू यांच्यामुळे तो सगळ्यांनाच असतो. खोकल्याच्या औषधाची बाटली तिसऱ्यांदा मागायला आलेल्या माणसाला तशीच बाटली देऊन परत पाठवू नका. बेडक्याची तपासणी महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत मोफत होते. डबी देताना नीट समजवा: सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका हवा, तोंडातली लाळ नको, मोकळ्या हवेत, बाकीच्यांपासून लांब, झाकण घट्ट. निदान झालं तर औषधं मोफत मिळतात आणि नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला पोषणासाठी पैसे बँक खात्यात येतात. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. खातं नसेल तर उघडून देणं हेही तुमचं काम. दुसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागतं आणि तिथेच गोळ्या सुटतात. त्या महिन्यात घरी दोन फेऱ्या जास्त मारा.

गरोदर बाईच्या चेहऱ्यावर सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव, किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यांतल्या कशालाही त्याच दिवशी रुग्णालय. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना ते बघायचं. ७ च्या खाली असेल तर घरी पाठवायचं नाही.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावून माप ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं तर ते तीव्र कुपोषण. आईला दोष न देता अंगणवाडीताईला त्याच दिवशी सांगा. जुलाब होणाऱ्या मुलाला ओआरएस: एक मोठं पाकीट, एक लिटर पाणी. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला असा हिशेब घरात चुकतो, म्हणून पूर्ण पाकीट एकदम कालवायला शिकवा. लिटरची बाटली आपल्याजवळ ठेवा आणि आईच्या हातून एकदा करून घ्या. झिंकची गोळी डॉक्टर देतील. ती जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायची असते.

पावसाळ्यात डेंग्यू. तापाला पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी मेडिकलमधून घेऊ नका, हे सगळ्यांना सांगत राहा. ताप उतरल्यावर लोक निर्धास्त होतात, पण पोटदुखी, उलट्या, हिरड्यांतून रक्त हे त्याच एक-दोन दिवसांत सुरू होतं आणि मग धावपळ उडते.

बायकांना मिश्रीबद्दल विचारा. तोंड पूर्ण उघडत नसेल, आत पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तर दंतचिकित्सकाकडे चिठ्ठी.

एकाच गल्लीतून दोन-तीन दिवसांत जुलाबाची बरीच माणसं आली तर त्यांचा नळ एकच आहे का, ते लिहून घ्या आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य निरीक्षकाला कळवा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या भागांत गुलियन बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच गेला होता.

पायरी ६ : नुसती चिठ्ठी देऊ नका

‘ससूनला जा’ हे वाक्य वस्तीत फार जड असतं. एक दिवसाची मजुरी जाते, रिक्षाचं भाडं, केसपेपरची रांग, कुठल्या मजल्यावर कोणती खिडकी. १८६७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय आजही शहरातल्या गरिबांचा सर्वांत मोठा आधार आहे, आणि म्हणूनच तिथली गर्दी नव्या माणसाला घाबरवते. पहिल्या वेळी सोबत जा. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो, लवकर निघा. बाळंतपणासाठी आणि बऱ्याच तपासण्यांसाठी मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय जवळ पडत असेल तर ते बघा. औंध भागात जिल्हा रुग्णालय आहे. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी, तिथे संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. कॅम्प आणि खडकीत कँटोन्मेंट बोर्डाची रुग्णालयं आहेत.

१८९७ च्या प्लेगमध्ये हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंतराव फुले यांनी दवाखाना चालवला. उपचार ते करत. वस्त्यांमधून रुग्णांना तिथवर आणण्याचं काम सावित्रीबाईंनी अंगावर घेतलं, आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. या शहरात सोबत जाण्याच्या कामाला एवढी मोठी परंपरा आहे.

छातीत दुखून घाम फुटणं, अचानक तोंड वाकडं होणं, श्वास न पुरणं, अशा वेळी चिठ्ठी लिहीत बसू नका, १०८ ला फोन करा. वस्तीत गाडी आत शिरत नाही, म्हणून एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा आणि खुर्चीत बसवून आणायची तयारी ठेवा.

पायरी ७ : कागद जमवा, गरज पडायच्या आधी

इथे नवी माणसं गोंधळतात, म्हणून सविस्तर सांगते. पैशांची सोय तीन ठिकाणांहून होऊ शकते.

पहिली, महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना. ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचार, तेही योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण आहे. लातूर, नांदेड, सोलापूरचं रेशनकार्ड पुण्यातही चालतं, हे अनेकांना माहीत नसतं. कर्नाटकातून आलेल्या कुटुंबाकडे आयुष्मान कार्ड असेल तर तेही इथे चालतं. रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल शोधा, हेल्पलाइन १५५३८८. अडतं ते नावावर: आधारवर सासरचं नाव, रेशनकार्डावर माहेरचं. ही दुरुस्ती माणूस धडधाकट असताना करून घ्या.

दुसरी, पुणे महापालिकेची शहरी गरीब योजना. पात्र कुटुंबाच्या बिलातला निम्मा भाग ठरावीक मर्यादेपर्यंत महापालिका भरते. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, झोपडीच्या सेवाशुल्काची पावती जपून ठेवायला सांगा. कार्ड दरवर्षी नव्याने काढावं लागतं.

तिसरी सोय सर्वांत कमी वापरली जाते. शहरातली अनेक मोठी, चकचकीत रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय विश्वस्त संस्था आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळं-केशरी रेशनकार्ड लागतं. दाखला महा ई-सेवा केंद्रातून काढता येतो. आजारपण आलं की त्याला वेळ नसतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यात वस्तीत एक दिवस फक्त दाखल्यांसाठी बसा.

रुग्णालयात गेल्यावर बिलिंगच्या खिडकीवर वाद घालू नका. थेट वैद्यकीय समाजसेवकाला भेटा आणि ‘निर्धन रुग्ण निधीतून उपचार हवेत’ असं लेखी द्या, प्रतीवर पोच घ्या. हे दाखल होतानाच करायचं. बिल झाल्यावर गोष्टी फार अवघड होतात. जीव धोक्यात असेल तर याच योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयाने अनामत न मागता रुग्णाला तातडीने दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे असतात. खाट नाही असं उत्तर मिळालं तर तेही लेखी मागा आणि ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयाकडे तक्रार करा. आवाज चढवायची गरज नसते. कलम, उत्पन्नाची मर्यादा आणि हातातला कागद, एवढ्यावर उत्तर बदलतं हे मी पाहिलं आहे.

पायरी ८ : पाठपुराव्याची वही

मोबाइलमध्ये काहीही ठेवा, पण एक लांब वही हवीच. पाच रकाने: नाव, कुठे पाठवलं, कधी जायचं होतं, गेले का, काय झालं. प्रत्येक दवाखान्याच्या शेवटी अर्धा तास फक्त या वहीसाठी. शेवटचा रकाना रिकामा असलेल्या माणसाला तीन दिवसांत फोन, आठवड्यात घरी फेरी.

घरी गेल्यावर ‘का नाही गेलात?’ असं विचारू नका, त्यात जाब विचारल्यासारखं होतं. ‘जायला काय अडलं?’ असं विचारा. खाडा परवडत नाही, पोराला सांभाळायला कुणी नाही, गेल्या वेळी खिडकीवर ओरडले, नवरा नको म्हणाला: प्रत्येक कारणाची तोड वेगळी. मालकिणीला फोन करून एका सुट्टीची विनंती केली तर बऱ्याचदा मिळते, पण ताईला आधी विचारून आणि आजाराचं नाव न घेता.

बीपी-साखरेच्या गोळ्या एका वेळी महिन्याच्याच द्यायला डॉक्टरांना सांगा, म्हणजे गाठ पडत राहते. दिवाळी आणि मे महिन्यात वस्ती गावाकडे जाते. त्याआधीच्या आठवड्यात वही उघडून ज्यांची औषधं अखंड चालायला हवीत त्यांना डॉक्टरांकडून दीड महिन्याचा साठा मिळवून द्या आणि एका कागदावर औषधांची नावं लिहून द्या, गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला. क्षयाचा रुग्ण गावी जात असेल तर उपचार केंद्रात आधी कळवा, म्हणजे त्याची नोंद तिकडे वळवता येते आणि गोळ्यांत खंड पडत नाही.

तुम्ही स्वतः काम सोडणार असाल, परीक्षा असेल, नोकरी लागली असेल, तर महिनाभर आधी सांगा. नव्या कार्यकर्त्याला वही हातात देऊन भागत नाही. तिच्यातल्या चालू नावांच्या घरी दोघांनी मिळून जा आणि ओळख करून द्या.